फुग्याच्या बाह्या परत आल्या, पण खांद्यावर उभ्या का राहत नाहीत?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात घरी शिवणकाम करणाऱ्या मुलीनं विचारलं आहे: "काकू, लग्नसराईपासून सगळ्यांना जुन्या काळातल्या फुग्याच्या बाह्या पाहिजेत. कोणी आजीचा फोटो आणते, कोणी मोबाइलमधला. लहान पोरींच्या फ्रॉकच्या फुगा बाह्या मला चांगल्या जमतात. पण बायकांच्या ब्लाउजला, ड्रेसला लावल्या की फुगा खाली दंडावर उतरतो. कापड कमी पडतं का? कोणतं कापड आणायला सांगू? शिलाई किती घेऊ? आणि ही फॅशन टिकेल का, म्हणजे मी जाळी, कॅनव्हास वगैरे माल भरून ठेवू का?"

तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. फ्रॉकच्या बाह्या जमतात म्हणजे तुझ्या चुण्यांत खोट नाही आणि टीपही सरळ आहे. तू फ्रॉकचीच बाही मोठी करून बाईला लावतेस, आणि तिथेच अडतं. आपल्याकडच्या बहुतेक शिवणाऱ्या जणी फुगा शिकल्या त्या फ्रॉकवरच. मोठ्यांच्या कपड्यांतून ही बाही गेली तरी गावातून ती कधी गेलीच नव्हती. पहिली-दुसरीतल्या पोरींच्या शाळेच्या ड्रेसला ती होती, भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या पोट्ट्यांच्या फ्रॉकला होती. त्यामुळे हात बसलेला असतो, पण तो लहान मापावर.

पोरीचा खांदा चिमुकला आणि गोल असतो. तिच्या बाहीला कापड इतकं थोडं लागतं की त्याला वजनच नसतं, कुठंही लावली तरी फुलून राहते. बाईच्या बाहीला कापड कितीतरी जास्त. त्यात तीरा, म्हणजे पाठीवरून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतचं माप, पूर्ण ठेवला तर मुंढ्याची, म्हणजे बाही जिथं जोडतो त्या गोलाईची, शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकाला येते आणि तिथून पुढे हात उतरायला लागतो. म्हणजे फुग्याची सुरुवातच उतारावर होते, त्याला टेकायला काही मिळत नाही. चुण्या वाढवून पाहिल्या असतील तर तो आणखीच लोंबला असेल, कारण वजन वाढलं आणि आधार तेवढाच राहिला.

म्हणून आधी तीऱ्याकडे बघ, बाहीकडे नंतर. ३६ छातीच्या बाईचा तीरा १४ इंच निघाला तर साध्या ब्लाउजला आपण अर्धा, म्हणजे ७, धरतो. फुग्यासाठी तिथं सव्वासहा धर. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच आत. खांदे रुंद असतील तर एक इंचही चालतो, त्याहून जास्त नको, नाहीतर पाठ ओढली जाते आणि बाई हात वर करू शकत नाही. मुंढ्याची खोली तीच ठेव. वरच्या टोकाला पाऊण इंच आत येणारी रेषा मुंढ्याच्या मध्यापर्यंत आणून जुन्या रेषेत मिसळून टाक. काखेतला भाग जसाच्या तसा. आता फुगा खांद्याच्या हाडावर बसेल, दंडावर नाही.

एक मात्र कर. आत घेतलेलं ते पाऊण इंच कापड कापून फेकू नकोस, माया म्हणून, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड म्हणून, आतच राहू दे. का, ते पुढे सांगते.

आता बाही. साध्या बाहीचा कागद घे आणि त्यावर उभ्या रेषा मारून सहा भाग कर. काखेजवळचे दोन्ही टोकांचे भाग बाजूला ठेव, त्यांना हात लावायचा नाही. मधले चार भाग कापून पसरव, सगळ्यात जास्त अंतर मधोमध, कडेला कमी. फुगा फक्त वर हवा असेल तर खालची कड न कापता पंख्यासारखे पसरव. वर-खाली दोन्हीकडे चुण्या हव्या असतील तर भाग पूर्ण कापून समांतर सरकव. मग बाहीच्या माथ्याची, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या वरच्या गोल टोकाची, उंची दीड इंचाने वाढवून गोलाई नव्यानं काढ. फ्रॉकला आपण हे करत नाही, तिथं नुसती रुंदी वाढवून भागतं. मोठ्या बाहीत उंची वाढवली नाही तर कापड आडवं फुगतं, वर उठत नाही. खाली पट्टी लावणार असशील तर लांबीत आणखी एक इंच दे, म्हणजे कापड पट्टीवर थोडं झुकेल आणि हात वर केला तरी पट्टी ओढली जाणार नाही.

चुण्यांसाठी मशिनचा टाका सगळ्यात मोठा कर, वरच्या दोऱ्याचा ताण सैल कर आणि दोन समांतर टिपा मार: एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी शिलाईच्या रेषेला लागून. ओढायचा तो बॉबिनचा दोरा, दोन्ही टिपांचे एकदम. एकाच टिपेवर चुण्या ओढल्या की त्या उलट्यापालट्या होतात आणि मुंढ्यावर गाठीसारख्या दिसतात. चुण्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना, वरच्या भागातच भर. काखेत एकही चुणी नको. तिथं चुणी आली की घाम, घर्षण आणि पहिल्याच महिन्यात उसवलेली शिलाई.

बाही जोडल्यावर आतली माया बाहीकडे वळवून इस्त्री कर. आपल्याला सवय असते ती अंगाकडे वळवायची, फ्रॉकलाही तसंच चालतं. पण फुग्यात ती माया म्हणजे आतला टेकू आहे, ती बाहीत शिरली की चुण्या उभ्या राहतात. तीऱ्याचं वाचवून ठेवलेलं पाऊण इंच इथं कामी येतं. मऊ कापड असेल तर याच मायेला आणखी एक पट्टी जोड: आठ इंच लांब, चार इंच रुंद ऑर्गेन्झा किंवा ताठ जाळी, दुमडून दोन इंचाची केलेली, हलक्या चुण्या देऊन, माथ्याच्या मधोमध. टोचू नये म्हणून दुमडलेली कड बाहीच्या आत मोकळी सोडायची आणि कापलेली कड शिलाईत घ्यायची. जाळी अंगाला लागेल असं वाटलं तर मलमलच्या पट्टीत गुंडाळ. बुकरम, म्हणजे ताठ करायचं जाड कापड, मात्र बाहीत घालू नकोस. गळ्याला, पट्टीला ठीक आहे; बाहीत घातला की धुतल्यावर मोडतो आणि मोडलेल्या जागा वरून दिसतात.

कापडाचं तू विचारलंस ते सगळ्यात महत्त्वाचं. आजीच्या फोटोतली बाही कापडाच्या जोरावर उभी आहे. मोबाइलमधली बाही आतल्या जाळीच्या आणि फोटो काढताना हात जरा दूर धरण्याच्या जोरावर उभी आहे. आणि तुझ्याकडे बाई घेऊन येते जॉर्जेट किंवा रेयॉन, जे खाली पडण्यासाठीच विणलेलं असतं. मग ती म्हणणारच, "काहून वं ताई, हे बाही अशी पडून रायली?"

ही बाही जगात जेव्हा जेव्हा मोठी झाली तेव्हा आत काहीतरी आधार होता किंवा कापड ताठ होतं. युरोपात १८३० च्या आसपास बायकांच्या बाह्या एवढ्या फुगल्या की आत मऊ पिसं भरलेल्या लहान उशा बांधाव्या लागायच्या. १८९० नंतर ती लाट पुन्हा आली, १८९५ च्या सुमारास बाह्या सगळ्यात मोठ्या झाल्या आणि दोन-तीन वर्षांत एकदम बसल्याही. १९३२ साली 'लेटी लिंटन' या हॉलिवूडच्या चित्रपटात जोन क्रॉफर्डनं झालरीच्या मोठ्या बाह्यांचा पांढरा पोशाख घातला आणि अमेरिकेतल्या दुकानांनी त्याच्या नकला विकल्या. तो पोशाख होता ऑर्गंडीचा. २९ जुलै १९८१ ला लेडी डायनाच्या लग्नात साऱ्या जगानं ज्या बाह्या पाहिल्या त्या रेशमी टॅफेटाच्या. यांतलं एकही कापड अंगावर लोळणारं नाही.

आपल्या जुन्या खणाच्या चोळीत फुगा नव्हताच. ती अंगाला चापून बसणारी, पुढे गाठ मारायची. तिच्यात चुण्यांना जागा कुठे? फुग्याचं पोलकं, म्हणजे आमच्या सासूबाई ज्याला झंपर म्हणत ते, इंग्रजी वळणाच्या कपड्यांबरोबर आलं. मुंबईत राहून गेलेल्या ज्ञानदानंदिनी टागोरांनी पारशी बायकांचं पाहून साडीची नवी नेसण आणि आत जाकीट घालायची रीत बंगालात नेली, तोही याच काळाचा भाग. तुझ्या दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली गेली ती आपल्या यवतमाळकडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायला. सरकी आपली, सूत त्यांचं, बाहीचा कटही त्यांचाच. गंमत आहे, पण आजही आपण कापूस विकून रुबिया, म्हणजे ब्लाउजचं बारीक सुती कापड, बाहेरचीच आणतो.

तर आजीच्या फोटोतल्या बाह्या बहुतेक वेळा पॉपलिन, केंब्रिक, ऑर्गंडी किंवा टू बाय टू रुबियाच्या असतात, आणि सुती असतील तर खळ दिलेल्या. ऑर्गंडी म्हणजे बारीक सुती कापडच, पण कारखान्यात त्यावर गंधकाच्या आम्लाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून तिचा ताठपणा धुतल्यानं जात नाही. बाकीच्यांचा ताठपणा खळीचा, तो प्रत्येक धुण्याला नवा द्यावा लागतो. ग्राहकाला हे आधीच सांग. एक लिटर पाण्यात चमचाभर साबुदाणा पूर्ण शिजवून गाळून घेतला की पुरे, भाताची पेजही चालते. सावलीत वाळवायचं आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री करायची. बाहीच्या आत टॉवेलची गुंडाळी धरून इस्त्री फिरवली की चुण्या दबत नाहीत. आणि खळ दिलेला कपडा पावसाळ्यात ट्रंकेत ठेवू नये. कसर त्या खळीसाठीच कापड खाते. धुऊन, खळ न देता ठेवायचा.

मला विचारशील तर पहिली पसंती रुबियालाच. उन्हाळ्यात यवतमाळ-वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पॉलिएस्टरच्या अस्तराची फुगा बाही म्हणजे शिक्षा आहे, घामोळ्या येतात. जॉर्जेटच हवं असा हट्ट असेल तर बाहीला आतून मऊ सुती अस्तर घाल आणि वर सांगितलेली जाळीची पट्टी लाव. अस्तर बाहीच्या वरच्या कापडापेक्षा एक इंच आखूड काप, म्हणजे वरचं कापड त्यावर फुगून राहील. दोन्ही एका लांबीची कापलीस तर ती एकमेकांना चिकटून पडतात.

चुण्या किती घालायच्या तेही कापडच ठरवतं. रुबिया, केंब्रिकला साध्या बाहीच्या दीडपट. जॉर्जेट, शिफॉनला दुप्पटही चालतं, ती इतकी पातळ असतात की दीडपटीत चुण्या दिसतच नाहीत. वर्ध्याकडची हातकताईची खादी असेल तर सव्वापट पुरे. ती जाड असते आणि चुण्या भरल्या की मुंढा दगडासारखा होतो. खादीला सुई १६ नंबरची लाव, रुबियाला ११, पॉपलिनला १४. वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींनी १९३८ साली उघडलं होतं. तिथं खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम आजही पाहायला मिळतं; कधी गेलीस तर कापड हातात धरून बघ, चुण्यांचा अंदाज डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर येतो. भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, स्वतःच उभा राहतो, त्याला टेकू लागत नाही. पण त्याला पाणी शिंपडून इस्त्री करू नकोस, डाग पडतात. वर सुती फडकं ठेवून कोरडीच.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव. फुगा बाहीत हे टाळून चालत नाही. अंगाचं कापड थोडं आटलं तर बाई सांभाळून घेते, पण पट्टी आटली की दंडाला करकोचा पडतो आणि ब्लाउज परत तुझ्या दारात.

आता कापड पुरण्याचं. साडीसोबत येणारा ब्लाउज पीस साधारण ८० सेंटीमीटरचा असतो, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांच्या आसपास. ३६ छातीचं अंग, पुढचे दोन भाग आणि पाठ शेजारी शेजारी ठेवली की सोळा इंचांच्या लांबीत पन्ना जवळजवळ भरतो. उरतात पंधरा इंच. साधी बाही १४ इंच रुंद धरली तर दीडपट म्हणजे २१, दोन बाह्यांना ४२. बसतं. पंधरा इंच लांबीत माथ्याची वाढ धरूनही आखूड बाही आरामात निघते आणि वर थोडा तुकडा पट्ट्यांना उरतो. म्हणजे ३६ पर्यंत दीडपट फुगा पीसमध्ये होतो. दुप्पट केलीस तर ५६ लागतील, ते बसणार नाही. ३८-४० च्या पुढे दीडपटही ओढाताणीचं होतं. तिथं बाईला आधीच सांग की एक तर सव्वापटीचा हलका फुगा घ्या किंवा जुळणारी अर्धा मीटर रुबिया आणा आणि बाह्या वेगळ्या रंगाच्या करू. वेगळ्या रंगाच्या बाह्या जुन्या फोटोंतही दिसतात, त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही.

काठाचा पीस असेल तर काठ बाहीच्या खालच्या कडेला चुण्यांत घालू नकोस. जरीची तार चुण्यांत मोडते आणि काठाची नक्षी कोणालाच दिसत नाही. काठ कापून घे आणि त्याचीच दंडाची पट्टी कर. काठ ८० सेंटीमीटर लांब मिळतो, दंडाचा घेर बारा असला तर दोन पट्ट्यांना सैलपणा आणि माया धरून अठ्ठावीस-एकोणतीस इंच लागतात, म्हणजे एकाच काठातून दोन्ही पट्ट्या निघतात आणि दुसरा काठ पाठीला किंवा गळ्याला मोकळा राहतो. काठ रुंद असेल तर मात्र पन्ना कमी होतो. अंगाचा हिशेब पुन्हा मांड, मगच कात्री लाव.

पट्टीचं माप दंडाच्या मापापेक्षा दीड इंच सैल धर. आपल्या बायका घरात नुसत्या बसत नाहीत, पाण्याची कळशी उचलतात, पोळ्या लाटतात. दंड फुगतो. मोबाइलवरच्या बाईची पट्टी घट्ट असते कारण तिला फोटोपुरतंच उभं राहायचं आहे.

फोटोवरून आठवलं. बाई मोबाइल पुढे करेल तेव्हा तो फोटो मोठा करून बघ आणि तिलाही दाखव. चुण्या माथ्यावर किती आहेत, बाही कोपराच्या किती वर संपते, कापड चमकतं आहे का पातळ आहे, हे तिच्यासमोर बोल. मग विचार की हे कपडे घालून तुम्ही काय करणार. आपल्याकडे कापूस वेचायला जाताना बाया साडीवर घरधन्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. त्याच्याखाली फुगा चिरडतो. रोजच्या झंपराला फुगा नकोच, हे स्पष्ट सांगायला लाजू नकोस. महालक्ष्म्यांना, हळदीकुंकवाला, लग्नाला घालायचा असेल तर शिवून दे. काही बायका म्हणतात, "मले लय मोठा नोको, पण दिसला पायजे." हे वाक्य ऐकलं की सव्वापट चुण्या, माथा एक इंच, जाळी नाही. माझ्या मते चाळिशीनंतरच्या बायकांना हाच फुगा सगळ्यात शोभतो, आणि तरुण पोरींच्या कोपरापर्यंतच्या मोठ्या फुग्यांपेक्षा तो जास्त दिवस वापरला जातो. त्या मोठ्या बाह्या मला स्वतःला आवडत नाहीत, पण गिऱ्हाइकाचं अंग माझं नाही, तेव्हा मागेल तिला शिवून देते.

दंड भरलेले असतील तर फुगा दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपवू नकोस. त्याच्या वर तरी संपव, नाहीतर कोपराजवळ ने. मध्ये पट्टी आली की दंड आहे त्याहून मोठा दिसतो.

बऱ्याच मुली आता आईची जुनी साडी घेऊन येतात, तिचा कंबरेत बसणारा घेरदार ड्रेस आणि फुग्याच्या बाह्या मागतात. हे काम छान आहे, पण कात्री लावण्याआधी साडी उजेडासमोर धर. घडीच्या रेषा विरळ दिसतात का बघ. दोन्ही अंगठ्यांत कापड धरून हलकं ओढ. सूत सरकलं किंवा करकरलं तर तो भाग बाहीला वापरायचा नाही, कारण सगळ्यात जास्त ताण मुंढ्यावर येतो. जुन्या रेशमी साड्या बहुतेक वेळा घडीवरच फाटतात, त्यामुळे घडी सोडून कापायचं. पाच-साडेपाच मीटर साडीत कळ्यांचा घेर, अंग आणि दीडपट बाह्या आरामात होतात. पदर जरीचा असेल तर बाह्या पदरातून काढ. जरीची तार मुळातच ताठ असते, फुगा आपोआप उभा राहतो. आतून मलमल मात्र लावच, नाहीतर जरीची तार टोचते. कंबरेचं माप घेताना मुलीला श्वास घेऊन, बसवून माप घे. जुन्या पद्धतीच्या ड्रेसची सगळी ऐट कंबरेत असते आणि तिथंच बसल्यावर चेन उसवते.

आई जवळ बसली असेल तर कापण्याआधी तिलाही एकदा विचार. साडी मुलीची झाली असं मुलगी म्हणते, पण आईला ते कधीकधी ठाऊक नसतं. कात्री लागल्यावर भांडण तुझ्या अंगणात होतं.

शिलाईचं सांगते. साध्या ब्लाउजच्या दीडपट घे, जाळी-अस्तर असेल तर त्याचे पैसे वेगळे. फुगा बाहीला कागद काढणं, चुण्या बसवणं, एकदा कच्चं लावून बघणं, इस्त्री, असा बराच वेळ जातो आणि हा वेळ बाईला दिसत नाही. म्हणून भाव वहीत मापाजवळच लिहून तिला दाखव. "फ्रॉकची तर एवढी घेत नाहीस" असं कोणी म्हणालं तर फ्रॉकच्या बाहीचा आणि मोठ्या बाहीचा कागद शेजारी ठेवून दाखव, बोलायची गरज पडत नाही. आपल्याकडे पैसा कापसाच्या चुकाऱ्यावर हलतो, दिवाळीनंतर. त्याआधीच्या ऑर्डरी उधारीच्या असतात हे तुला सांगायला नको. अशा वेळी कापड-जाळीचे पैसे आगाऊ आणि शिलाई नंतर, असं ठेवलं तर तुझं स्वतःचं भांडवल अडकत नाही.

माल भरून ठेवू नकोस. वर सांगितलं तसं ही बाही अनेकदा आली आणि प्रत्येक वेळी सगळ्यात मोठी झाल्यावर थोड्याच काळात बसली. आपल्या गावात ती शहरानंतर येते, म्हणून जरा उशिरा जाईल, एवढंच. ऑर्गेन्झाची जाळी दोन मीटर घे, त्यात भरपूर बाह्या होतात. संपली की पुन्हा आण. उलट रुबियाचे पांढरे, काळे, मरून आणि मोरपंखी तुकडे ठेवायला हरकत नाही, ते फुगा गेला तरी खपतात.

आणि फॅशन गेल्यावर बाया तोच ब्लाउज घेऊन तुझ्याकडे येतील, "आता हे साधं करून दे." त्यासाठीच तीऱ्याचं पाऊण इंच आत राहू दे म्हटलं. फुगा उसवून बाहीच्या कापडातून साधी बाही सहज निघते, कारण कापड जास्तच असतं. पण तीरा कापून टाकला असेल तर तो परत वाढवता येत नाही आणि साधी बाही खांद्यावर ओढली जाते. आत ठेवलेली माया तेव्हा उघडायची, तीरा पुन्हा सातावर आणायचा. गुडघ्यापर्यंतच्या ड्रेसलाही हेच. एवढं जमवून दिलंस तर ती बाई दुसरीकडे जाणार नाही, आणि फुगा उतरवून देण्याचीही शिलाई तुला मिळेल.

सुरुवात एखाद्या जुन्या सुती चादरीवर कर. ३६ च्या मापाची एकच बाही काप, तीरा सव्वासहाचा धरून अर्ध्या अंगाला कच्च्या टाक्यांनी जोड आणि घरातल्याच कोणाला तरी घालून हात वर, पुढे, मागे करायला सांग. हात वर करताना अंग उचललं गेलं तर माथा थोडा कमी कर. पुढे करताना पाठ ओढली तर तीरा पाव इंच बाहेर आण. हात खाली आणल्यावर फुगा परत आपल्या जागी येतो का ते बघ. येत असेल तर तोच कागद जाड पुठ्ठ्यावर उतरवून त्यावर माप लिहून ठेव आणि ३४, ३८ चे कागद त्यावरून कर.